कोंडा : एका जुन्या दुखण्याची कुळकथा

श्रोतेहो, डोक्यांतील कोंडा हा विषय इतिहासाच्या बैठकींत शोभणारा नाहीं, असें प्रथमदर्शनीं कोणासहि वाटेल. राज्यांच्या बखरी लिहिल्या जातात. खांद्यावर पडणाऱ्या पांढऱ्या कणांची बखर कोणी लिहीत नाहीं. परंतु हें दुखणें कित्येक राज्यांहून वयानें वडील आहे, आणि आजहि प्रौढ माणसांपैकीं सुमारें निम्म्यांना तें केव्हां ना केव्हां गांठतेंच. त्याविषयींची आपली समजूत कशी बदलत गेली आणि तिच्याबरोबर उपाय कसे बदलले, हें पाहण्यासाठीं मी पुणें जिल्ह्याच्या उत्तरेचे जुन्नर आणि आंबेगांव हे दोन तालुके समोर ठेवणार आहें. कारण या विकारावर आपल्या वाडवडिलांनीं योजलेल्या अनेक वस्तु याच मुलुखाच्या रानांत उगवतात, आणि त्यांचा माग येथें दोन हजार वर्षांपर्यंत काढतां येतो.

प्रथम नांवाकडे पाहूं. धान्य कांडून चाळलें म्हणजे टरफलांचा जो चुरा मागें राहतो, तो कोंडा. डोक्यावरून गळणाऱ्या पापुद्र्यांना आपण तेंच नांव दिलें. ग्रीक वैद्यांनीं या विकारास जें नांव दिलें, त्याच्या मुळाशीं ‘पितिरॉन’ हा शब्द आहे, आणि त्याचा अर्थ धान्याचा कोंडा असाच आहे. लॅटिन भाषेंतील ‘फुर्फुर’ या शब्दाचाहि अर्थ तोच. तीन भाषांनीं एकच उपमा निवडावी, यावरून ती किती चपखल आहे हें दिसतें. पण उपमा वस्तूचें रूप सांगते, कारण सांगत नाहीं. या रूपावरून लोकांनीं दोन अनुमानें काढलीं. कोणी म्हणाले, हा कोरडेपणा आहे, तेव्हां तेल घाला. कोणी म्हणाले, हा मळ आहे, तेव्हां ज्याच्या डोक्यांत तो आहे त्याला नांवें ठेवा. हीं दोन्ही अनुमानें आजहि घरोघरीं नांदत आहेत.

आतां जुन्नरकडे वळूं. नाणेघाटानें कोंकणांत उतरणाऱ्या व्यापारी मार्गाच्या माथ्यावरील हें गांव सातवाहनांच्या काळीं भरभराटीची पेठ होतें. त्याच्या भोंवतालच्या डोंगरांत दोनशेंहून अधिक लेणीं कोरलेलीं आहेत, आणि त्यांतील शिलालेखांतून त्या वेळचे व्यापारी व कारागीर आपल्याशीं बोलतात. एका लेखांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें लेणें आणि पाण्याचें टाकें दान केल्याची नोंद आहे. दुसऱ्या एका लेखांत आदुथुम नांवाच्या शक उपासकानें दिलेल्या जमिनीचा उल्लेख आहे. त्यांतील वीस निवर्तनें करंजाच्या झाडांशीं आणि नऊ निवर्तनें वडाशीं निगडित आहेत. करंजाच्या बियांचें तेल खरूज, खाज आणि त्वचेचे इतर विकार यांवर आपल्याकडे पूर्वापार प्रसिद्ध आहे. लेखांतील करंज औषधासाठीं होता असें लेख म्हणत नाहीं. पण तो वृक्ष त्या काळींहि दानपत्रांत नोंदण्याइतका मोलाचा होता, एवढें त्यावरून निश्चित होतें. शेजारच्या नाशिकच्या लेण्यांत तर आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळच्या लेखांत तेल गाळणाऱ्यांच्या श्रेणीचें नांव येतें. तिच्याकडे व इतर श्रेणींकडे ठेव ठेवून तिच्या व्याजांतून आजारी भिक्षूंच्या औषधाची सोय केलेली होती. घाणा, तेल आणि औषध हीं तिन्ही या मुलुखांत इतकीं जुनीं आहेत.

वैद्यकाच्या ग्रंथांत या विकाराचें नांव ‘दारुणक’ असें आहे. सुश्रुतसंहितेनें त्याची गणना क्षुद्ररोगांत केली आहे. येथें क्षुद्र म्हणजे तुच्छ नव्हे, लहान. केशभूमि कठीण, रुक्ष आणि खाजरी होते व तिच्यावर भेगा पडतात, असें त्याचें वर्णन असून त्याचें कारण कफ आणि वात यांचा प्रकोप असें दिलेलें आहे. उपायांमध्यें डोक्यास तेलाचा अभ्यंग सांगितला आहे, हें बहुतेकांना ठाऊक असतें. परंतु त्याच ठिकाणीं आणखी एक उपाय सांगितलेला आहे आणि तो मात्र आपण विसरलों. कोद्र्याच्या पेंढ्याची राख करून तिच्या क्षारयुक्त पाण्यानें डोकें धुवावें, असा तो उपाय. कोद्रा हें डोंगरउतारावरचें भरड धान्य, आणि त्याचें गवत म्हणजे गरिबाच्या शेतांतली फुकट वस्तु. म्हणजे प्राचीन वैद्यांच्या हातीं दोन साधनें होतीं : एक स्नेहन, दुसरें क्षालन. पुढच्या पिढ्यांनीं पहिलें उचललें आणि दुसऱ्याचा विसर पडूं दिला.

घरगुती रीतींत मात्र हें क्षालन पुष्कळ काळ टिकून होतें. भीमाशंकरापासून माळशेज घाटापर्यंतच्या सह्याद्रीच्या पट्ट्यांत शिकेकाईच्या कांटेरी वेली आहेत आणि हिरड्याचे वृक्ष आहेत. शिकेकाईच्या शेंगांत आणि रिठ्याच्या फळांत फेंस आणणारें द्रव्य असतें. तें पाण्यांत उतरलें म्हणजे तेल आणि मळ सुटून येतात. हिरड्यांत टॅनिन नांवाचें तुरट द्रव्य भरपूर असतें, आणि तें कातडें कमावण्यास, शाई करण्यास व औषधांत उपयोगी पडतें. गोव्यांत राहून अहमदनगरच्या निजामशाही दरबारांत वैद्यकी केलेला पोर्तुगीज पंडित गार्सिया द ओर्ता यानें १५६३ सालीं गोव्यांतच छापलेल्या आपल्या ग्रंथांत हिरड्याच्या जातींची चर्चा केली आहे. ज्या निजामशाहीच्या तो आश्रयास होता, तिचा आरंभ जुन्नरासच झाला होता. आजहि या दोन तालुक्यांच्या पश्चिम भागांतील महादेव कोळी कुटुंबें उन्हाळ्यांत बाळहिरडा गोळा करून वाळवतात. कित्येकांचा वर्षाचा रोख पैसा त्यावरच अवलंबून असतो. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळानें हीं झाडें मोडलीं, तेव्हां या कुटुंबांचा आधारच मोडला. शहरांतील स्नानगृहांत त्रिफळ्याची पुडी उघडणाऱ्यास ही गोष्ट क्वचितच ठाऊक असते.

अभ्यंगस्नानाचा क्रम आठवून पाहा. आधीं तेल, मग चोळणें, आणि शेवटीं शिकेकाईच्या ऊन पाण्यानें तें सारें धुऊन काढणें. तेल येथें पाहुणा म्हणून येत असे. मुक्कामास राहत नसे. या चोळण्याचा एक धागा थेट विलायतेस जाऊन पोंचला आहे. ‘शांपू’ हा शब्द आपल्याच देशांतील ‘चांपणें’ या क्रियापदापासून इंग्रजींत गेला. पाटण्याकडील शेख दीन महंमद यानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं ब्रायटन येथें स्नानगृह काढून इंग्रज उमरावांचीं अंगें चांपून दिलीं. तेव्हां त्या शब्दाचा अर्थ अंगमर्दन असा होता. डोकें धुणें हा अर्थ त्यास मागाहून आला, आणि त्या अर्थानें तो आपल्याकडे बाटलींत भरून परत आला.

मग कोंड्याचें खरें कारण कोणतें? १८७४ सालीं लुई मालासे या फ्रेंच संशोधकानें कोंड्याच्या पापुद्र्यांत सूक्ष्मदर्शकाखालीं एक बुरशी पाहिली. पुढें त्याच्याच नांवावरून तिला मॅलॅसेझिया म्हणूं लागले. पण अडचण अशी, कीं ही बुरशी निरोगी माणसाच्याहि डोक्यावर सांपडते. त्यामुळें ती अपराधी कीं केवळ जवळ उभी असलेली साक्षीदार, हा वाद शंभर वर्षें चालला. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेचे त्वचारोगतज्ज्ञ क्लिगमन यांनीं ती निरपराध असल्याचें मत मांडलें. १९८४ सालीं इंग्लंडांतील शुस्टर यांनीं उलट बाजू घेतली : जीं औषधें बुरशी मारतात त्यांनींच कोंडा हटतो, तेव्हां दोष तिचाच. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें या वादांतील हरवलेला दुवा पुरवला. टाळूंतील ग्रंथींतून जें तेलकट द्रव्य पाझरतें, तें ही बुरशी फोडते आणि आपल्याला हवे ते अंश खाऊन ओलेइक आम्लासारखे अंश मागें टाकते. हें आम्ल ज्यांच्या त्वचेस सोसत नाहीं, त्यांची त्वचा चिडते, नव्या पेशी घाईघाईनें वर ढकलते, आणि अर्धवट तयार झालेले थर एकत्र चिकटून गळूं लागतात. तोच कोंडा. २००७ सालीं या बुरशीचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हां असें आढळलें कीं स्वतःपुरतीं मेदाम्लें तयार करण्याची शक्तिच तिच्यांत नाहीं. तिला तीं बाहेरून मिळालीं पाहिजेत.

हें कळल्यावर आपलीं दोन्ही अनुमानें ढासळतात. कोंडा दिसतो कोरडा, पण त्याचें मूळ तेलकटपणांत आहे. म्हणून तो बालपणीं क्वचित् असतो, आणि वयांत येतांना, तैलग्रंथी जाग्या होतात तेव्हां, सुरू होतो. तीळ, शेंगदाणा, करंज यांच्या तेलांत ओलेइक आम्ल विपुल असतें. असें तेल रात्रभर टाळूवर मुरूं देणें म्हणजे त्या चिडलेल्या त्वचेस पुन्हां डिंवचणें होय. तेलानें पापुद्रे क्षणभर चिकटून बसतात आणि गेल्यासारखे भासतात, इतकेंच. दुसरें असें, कीं कोंडा म्हणजे घाण नव्हे आणि तो संसर्गजन्यहि नव्हे. ती बुरशी आपणां सर्वांच्याच डोक्यावर असते. शाळेंतील एखाद्या मुलीस बाजूला बसवणें, किंवा वयांत आलेल्या मुलास गलिच्छ म्हणून हिणवणें, यांत कांहींहि शास्त्र नाहीं. असलेंच तर त्यांत क्रौर्य आहे.

उपाय साधा आहे. केटोकोनॅझोल, झिंक पायरिथिऑन किंवा सेलेनियम सल्फाइड यांपैकीं एखादें द्रव्य असलेला शांपू आठवड्यांतून दोनदां वापरावा. तो केंसांस नव्हे, टाळूस लावावा, तीन ते पांच मिनिटें तसाच राहूं द्यावा, मग धुवावा. महिनाभरांत बहुतेकांस उतार पडतो. त्यानंतर आठवड्यांतून एकदां पुरे. कारण बुरशी कायमची जात नाहीं, ती आवरून ठेवावी लागते. तेलाची हौस असेल तर तें केंसांच्या टोंकांस लावावें, किंवा जुन्या रीतीप्रमाणें त्याच दिवशीं धुऊन टाकावें. टाळू लाल होऊन जाड खपल्या धरत असेल, लहान मुलाच्या डोक्यावर केंस गेलेले चट्टे दिसत असतील, अथवा महिन्याभरांत गुण येत नसेल, तर तो विकार निराळा असूं शकतो. मग त्वचेच्या डॉक्टरांनाच दाखवावें.

श्रोतेहो, या कुळकथेचें तात्पर्य एका शब्दांत सांगावयाचें तर तो शब्द ‘धुणें’ हा आहे. सुश्रुताचें कोद्र्याच्या राखेचें पाणी, आजीबाईची शिकेकाई आणि आजची औषधी बाटली, या तिघांनाहि पाणी लागतें. आणि येथें आपण पुन्हां त्याच डोंगरांत येतों. ज्या आंबेगांवाच्या नांवानें तालुका ओळखला जातो, तें मूळ गांव घोडनदीवरील डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेलें. तालुक्याचीं कचेऱ्या घोडेगांवीं आहेत. पावसाळ्यांत धो धो कोसळणाऱ्या याच घाटमाथ्यावरील कित्येक वाड्यांवर उन्हाळ्यांत पाण्याचा हंडा डोक्यावर घेऊन चढण चढावी लागते. हिरडा आणि शिकेकाई ज्या रानांतून शहरांत येतात, तेथील बाईला आठवड्यांतून दोनदां केंस धुण्यापुरतें पाणी मिळणें ही चैन नव्हे. ज्या दुखण्यावर औषध सांपडलें आहे, त्यावर पाणीहि पोंचलें पाहिजे. तोंवर ही कुळकथा अपुरीच राहणार.