लक्षणाविना संसर्ग

सन २०२० च्या ज्येष्ठ वद्य सप्तमीस, म्हणजे १२ जून रोजी, देहूत तुकोबांच्या पालखीचे प्रस्थान झाले. परंतु पालखी वाटेस लागली नाही. मोजक्या मंडळींत सोहळा उरकला, पादुका देहूतच राहिल्या आणि ३० जूनला एस.टी.ने पंढरीस गेल्या. त्या दिवसांत गावोगाव एकच प्रश्न ऐकू येई : ज्याला ताप नाही, खोकला नाही, त्याने पायी का चालू नये? हा प्रश्न अडाणीपणाचा खास नव्हे. रोग म्हणजे रोगी, ही समजूत सरकारनेही पुष्कळ काळ बाळगली होती. तिचा थोडा इतिहास श्रोत्यांपुढे ठेवण्याचा आमचा विचार आहे.

१८९७ च्या ४ फेब्रुवारीला साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यात प्लेग होता. रँडच्या अमलात सोजीर घरांत शिरत, ताप आणि गाठ शोधत आणि माणसांना छावणीत नेत. २२ जूनच्या रात्री चिंचवडच्या चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. कमी ठाऊक असलेली गोष्ट ही, की तो सारा शोध बव्हंशी चुकीच्या ठिकाणी चालला होता. उंदरावरची पिसू हा रोग पसरवते, हे पॉल-लुई सिमाँ याने १८९८ साली कराचीत प्रयोगाने दाखवले. माणसे तपासली गेली. बिळातला उंदीर मोकळाच राहिला.

पुढे धडधाकट माणूसही रोग वाहू शकतो, हे कळून आले. न्यूयॉर्कची स्वयंपाकीण मेरी मॅलन हिच्या हातून विषमज्वर पसरल्याचे १९०७ साली उघड झाले. ती स्वतः ठणठणीत होती. तिला कोंडून ठेवले. १९१० साली स्वयंपाक न करण्याच्या अटीवर सोडले. कपडे धुण्याच्या कामात मजुरी कमी. तेव्हा नाव बदलून ती पुन्हा चुलीपुढे उभी राहिली. १९१५ साली सापडली आणि १९३८ साली मरेपर्यंत बंदिवासात राहिली. तिच्या हट्टाविषयी पुष्कळ लिहिले गेले. तिच्या मजुरीचा हिशेब मात्र फारसा कोणी मांडला नाही.

आता कोरोनाकडे येऊ. २००३ च्या सार्स रोगात माणूस आजारी पडल्यावर, बहुधा दुसऱ्या आठवड्यात, अधिक संसर्गकारक होई; म्हणून ताप मोजून त्याला वेगळे काढणे साधले. २०१९ च्या विषाणूचे तसे नव्हते. लक्षणे दिसण्याच्या एकदोन दिवस आधीच तो पसरू लागे. जपानच्या किनाऱ्यावर अडकलेल्या ‘डायमंड प्रिन्सेस’ जहाजावर ३,७११ माणसे होती. ७१२ बाधित निघाली, आणि त्यांतल्या सुमारे निम्म्यांना चाचणीच्या वेळी काहीच होत नव्हते.

येथे दोन प्रकार वेगळे ओळखावे लागतात. काहींना लक्षणे उशिरा येतात. काहींना कधीच येत नाहीत. दुसऱ्या प्रकारची माणसे साधारण पाचांत एक असावीत, आणि त्यांच्यापासून संसर्ग होण्याचा संभव लक्षणे असलेल्यांपेक्षा पुष्कळ कमी, असे २०२० मधील अभ्यासांतून दिसले. पण पहिल्या प्रकारची माणसे नेमकी ऐन भरात मोकळी हिंडतात. जागतिक आरोग्य संघटनेलाही ८ जून २०२० रोजी केलेल्या विधानाचा खुलासा दुसऱ्याच दिवशी करावा लागला, तो या दोहोंच्या घोटाळ्यामुळे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या जानेवारी २०२१ च्या अंदाजाप्रमाणे शंभरांतले ५९ संसर्ग लक्षणे नसलेल्यांकडून होत : ३५ लक्षणे यायच्या आधी आणि २४ कधीच लक्षणे न आलेल्यांकडून. पुण्याच्या पाच प्रभागांत २०२० च्या जुलै-ऑगस्टमध्ये रक्त तपासले, तेव्हा ५१.५ टक्के लोकांत विषाणूच्या खुणा सापडल्या. त्यांतल्या कित्येकांना आपल्याला काही झाल्याचा पत्ताही नव्हता.

महाराष्ट्रात १३ मार्च २०२० पासून तोच १८९७ चा कायदा लागू झाला. चाकण-भोसरीच्या पट्ट्यात कारखाने पुन्हा सुरू झाले, तेव्हा फाटकावर कपाळाशी ताप मोजण्याचे यंत्र आले. यंत्राने ताप दिसे. परवा येणारा ताप दिसत नसे. कामगार मात्र त्याच बसने आलेला, त्याच कॅन्टीनमध्ये मुखपट्टी काढून जेवणारा. टाळेबंदीत पगार कापू नये, हा केंद्राचा २९ मार्चचा हुकूमही १८ मेपासून मागे घेण्यात आला. शेजारच्या खोलीत रोगी निघाला, हे कामगाराने सांगितले तर चौदा दिवस बिनपगारी. गप्प बसला तर हजेरी लागे. घरभाडे थकलेल्या कंत्राटी पोराने काय करावे? आम्ही अशा पोरांना दोष देऊ शकलो नाही. सत्य बोलण्याची किंमत एकट्या त्याच्यावर टाकली, तर सत्य लपणारच.

२०२२ साली वारी पुन्हा पायी निघाली. साथ ओसरली, पण पुढची कधी येईल हे कोणी सांगावे? मुखपट्टी, खेळती हवा आणि चाचणी यांच्या जोडीस भरपगारी रजा हवी. धडधाकट माणसाला आपण घरी बसवतो ते इतरांच्या जिवासाठी. मग त्याच्या चुलीची काळजीही इतरांनीच वाहिली पाहिजे. यात उपकार कसला? हा रोगनिवारणाचाच भाग आहे.