'ऑलदो'नंतर 'बट' का येत नाही? इंटरव्ह्यूतल्या इंग्रजीचा गुंता मराठीतच सुटतो

काम येतं, अनुभव आहे, सर्टिफिकेट आहे. तरीही इंटरव्ह्यूनंतर निरोप येतो, 'कम्युनिकेशनवर काम करा.' म्हणजे नेमकं कशावर, हे कुणी सांगत नाही. मग उमेदवार उच्चारांचे व्हिडिओ बघतो, नाहीतर अवघड शब्दांच्या याद्या पाठ करतो.

खरी अडचण बहुतेकदा त्याच्या आधीच असते. दोन गोष्टी एका वाक्यात जोडता येत नाहीत. 'आय लेफ्ट द जॉब. द कंपनी क्लोज्ड.' दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. पण कंपनी बंद पडली म्हणून नोकरी गेली की नोकरी सोडल्यावर कंपनी बंद पडली, हे समोरच्याने ओळखायचं. मध्ये एक 'बिकॉज' आला की प्रश्नच उरत नाही.

या जोडणीला व्याकरणात 'अ‍ॅडव्हर्ब क्लॉज' म्हणतात. मराठीच्या पुस्तकात आपण तेच 'क्रियाविशेषण वाक्य' म्हणून शिकलोय. मुख्य क्रिया कधी झाली, का झाली, कोणत्या अटीवर झाली, कशासाठी झाली, हे सांगणारं ते छोटं वाक्य. इंग्रजीत त्याच्या तोंडाशी व्हेन, बिकॉज, इफ, ऑलदो, अनटिल, सो दॅट असा एखादा शब्द असतो.

इंटरव्ह्यूत याची गरज का पडते? कारण तिथले बरेच प्रश्न 'का' आणि 'कधी'चेच असतात. नोकरी का बदलताय? मधलं एक वर्ष रिकामं का? 'टेल मी अबाउट अ टाइम व्हेन...' असा प्रश्न आला की एक प्रसंग सांगायचा असतो. अशा उत्तरासाठी 'स्टार' नावाची पद्धत शिकवतात: सिच्युएशन, टास्क, अ‍ॅक्शन, रिझल्ट. परिस्थिती काय होती, जबाबदारी काय होती, तुम्ही काय केलंत आणि निष्पन्न काय झालं. या चार तुकड्यांना शिवणारा दोरा म्हणजे हेच जोडशब्द.

जोडीचा घोळ

मराठीत हे शब्द जोडीनं फिरतात. जेव्हा-तेव्हा, जरी-तरी, जोपर्यंत-तोपर्यंत. इंग्रजीत एकटाच शब्द पुरतो. आपण जोडी तशीच उचलून तिकडे नेतो आणि 'ऑलदो आय एम अ फ्रेशर, बट आय कॅन लर्न' असं वाक्य तयार होतं. यातला 'ऑलदो' ठेवा किंवा 'बट' ठेवा, दोन्ही नको. 'व्हेन आय वॉज इन फायनल इयर, दॅट टाइम आय डिड अ‍ॅन इंटर्नशिप' यातला 'दॅट टाइम' म्हणजे आपला 'तेव्हा'. 'बिकॉज माय फादर वॉज इल, दॅट्स व्हाय आय टुक अ गॅप' यातला 'दॅट्स व्हाय'सुद्धा जास्तीचा. अपवाद एकच, जर-तर. 'इफ'नंतर 'देन' चालतो, फक्त बोलताना तो बहुधा गळतो.

आता कामाची गोष्ट. मराठीत हीच कल्पना सांगायची दुसरी पद्धतही आहे आणि घरी आपण बहुतेकदा तीच वापरतो. 'जेव्हा मी जॉइन होईन तेव्हा' असं रोज कोण बोलतं? आपण म्हणतो, 'जॉइन झाल्यावर'. इंग्रजी वाक्य जुळवताना हे दुसरं, बोलीतलं रूप डोक्यात आणलं तर निम्म्या चुका आपोआप टळतात.

'जॉइन झाल्यावर' यात भविष्यकाळ नाही. इंग्रजीतही नाही. म्हणून 'व्हेन आय विल जॉइन' चूक आणि 'व्हेन आय जॉइन' बरोबर. 'संधी मिळाली तर मी पुण्याला येईन' यातही पहिल्या तुकड्यात 'मिळेल' नाही, तसंच 'इफ आय गेट द चान्स, आय विल मूव्ह टु पुणे'. 'विल' फक्त मुख्य वाक्यात.

सगळ्यात जास्त गोंधळ 'अनटिल'चा. 'जोपर्यंत ऑफर लेटर मिळत नाही तोपर्यंत मी राजीनामा देणार नाही.' यातल्या पहिल्या 'नाही'मुळे आपण 'अनटिल आय डोन्ट गेट द ऑफर लेटर' म्हणतो. 'अनटिल'ला तो नकार नको असतो. त्याऐवजी 'ऑफर लेटर मिळेपर्यंत' हे रूप आठवा. नकार गेला. 'आय विल नॉट रिझाइन अनटिल आय गेट द ऑफर लेटर.' तसंच 'ऑलदो'साठी 'जरी-तरी' सोडून 'फ्रेशर असूनही' आठवायचं. 'असूनही'ला जोडीदार लागत नाही, 'ऑलदो'लाही नाही.

'म्हणून' हा आणखी एक चकवा. 'पगार कमी होता म्हणून नोकरी सोडली' हा परिणाम, त्याला 'सो'. 'अकाउंट्स शिकता यावं म्हणून नोकरी बदलली' हा हेतू, त्याला 'सो दॅट आय कुड लर्न अकाउंट्स'. इंटरव्ह्यूत दुसरं वाक्य जास्त उपयोगी, कारण त्यातून तुम्ही कुठून पळालात यापेक्षा कुठे निघालात हे कळतं.

सगळ्या चुका सारख्या नसतात, हेही सांगायला हवं. 'ऑलदो... बट' म्हटल्यानं अर्थ बिघडत नाही. काळ चुकला तर बिघडतो. 'आय वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स' म्हणजे ती नोकरी संपली. अजून तिथेच असाल तर 'आय हॅव वर्क्ड हिअर फॉर थ्री इयर्स' किंवा 'सिन्स 2021'. किती काळ ते सांगायला 'फॉर', कधीपासून ते सांगायला 'सिन्स'. 'सिन्स थ्री इयर्स' नाही.

शब्द ओळखीचे, अर्थ निसरडे

'मायसेल्फ अमुक' ऐवजी 'आय एम अमुक' पुरे. 'पासआउट' आपल्याकडे पदवीधराला म्हणतात, पण परदेशी पॅनलला 'आय पास्ड आउट इन 2022' म्हणजे बेशुद्ध पडलात असं वाटू शकतं. 'ग्रॅज्युएटेड' म्हणा. ब्रिटनमध्ये 'फ्रेशर' म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी. आणि 'केटी' हा शब्द महाराष्ट्राबाहेरच्या एचआरला कळेलच असं नाही, 'बॅकलॉग' सगळीकडे कळतो.

पैशाच्या शब्दांत मात्र चूक महाग पडते. 'सीटीसी' म्हणजे कॉस्ट टु कंपनी, कंपनीला तुमच्यावर वर्षाला येणारा एकूण खर्च. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ धरलेला असतो, बऱ्याचदा ग्रॅच्युइटीही. त्यामुळे सीटीसीला बारानं भागून जो आकडा येतो, तो खात्यात जमा होत नाही. 'एक्स्पेक्टेड सीटीसी' विचारल्यावर हातात येणारा पगार सांगितला तर तुम्ही स्वतःच कमी मागता. 'नोटीस पीरियड' विचारला तर दिवस सांगा आणि अट जोडा: 'आय कॅन जॉइन इन थर्टी डेज इफ माय मॅनेजर रिलीजेस मी अर्ली.'

शिकवताना

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आलं. त्याआधी मराठी शाळेत ते पाचवीपासून असायचं. म्हणजे आज पस्तिशी-चाळिशीत नोकरी बदलणाऱ्या अनेकांना व्याख्या आठवतात, बोलायचा सराव मात्र कधी झालेला नाही. त्यांना पुन्हा 'क्लॉजचे प्रकार लिहा' देण्यात अर्थ नाही.

त्यापेक्षा अर्धी वाक्यं द्यावीत. 'आय लेफ्ट माय लास्ट जॉब बिकॉज...' 'व्हेन अ कस्टमर गेट्स अँग्री, आय...' उरलेलं त्यांनी स्वतःच्या आयुष्यातून भरायचं. मग दोघांनी समोरासमोर बसून प्रश्नोत्तरं करायची. बोलणाऱ्याला मध्ये तोडून दुरुस्त करू नये, चुका टिपून ठेवाव्यात आणि शेवटी दोनच सांगाव्यात. दहा सांगितल्या तर प्रौढ माणूस पुढच्या वेळी बोलतच नाही.

जोडशब्द वाक्याच्या सुरुवातीला असेल तर पहिला तुकडा संपल्यावर क्षणभर थांबायचं. लिहिताना तिथे स्वल्पविराम येतो. इंटरव्ह्यूत त्याच थांब्याचा दुसरा फायदा म्हणजे पुढचं वाक्य जुळवायला एक श्वास मिळतो.

शेवटी पॅनल विचारतं, 'डू यू हॅव एनी क्वेश्चन्स फॉर अस?' तिथे 'नो सर' म्हणून उठू नका. हे एक वाक्य तयार ठेवा: 'बिफोर आय जॉइन, इज देअर एनीथिंग आय शुड लर्न सो दॅट आय कॅन स्टार्ट क्विकली?' यात 'बिफोर'नंतर 'विल' नाही आणि 'सो दॅट' हेतूसाठी आलाय.