अंधारखोलीत प्रवेश कोणाला?

इंदूरहून बोलतोय. भारतातल्या फोटोग्राफीचा इतिहास सांगायला बसलं की लोक कॅमेऱ्यापासून सुरुवात करतात. आज मी खोलीपासून करणार आहे, कारण मी स्वतः एका खोलीचा हिशेब सांभाळतो. आम्ही अकरा फोटोग्राफर मिळून एक सामायिक स्टुडिओ चालवतो. भाडं, वीजबिल, दिवे, पडदे, स्टँड सगळं वाटून. वहीत नाव लिहायचं, वेळ घ्यायची, काम झालं की वायरी गुंडाळून ठेवायच्या. (शेवटचं कलम कोणी पाळत नाही.)

अशी वाटणी ही नवी टूम आहे असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात आपल्याकडे फोटोग्राफी रुजली तीच माणसं एकत्र आल्यामुळे, आणि त्यामागे रसायनशास्त्राची सक्ती होती.

१८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजाने ओल्या काचेची पद्धत जाहीर केली. काचेवर कलोडियनचा चिकट थर द्यायचा, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो काढायचा आणि वाळायच्या आत अंधारात नेऊन धुवायची. हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत. कलोडियनमध्ये ईथर असतं आणि ते उडून जातं. आपल्या वैशाखात किती वेळ मिळत असेल, विचार करा. म्हणजे जिथे कॅमेरा तिथे अंधारखोली हवीच. सॅम्युअल बोर्नसारखा माणूस हिमालयात गेला तेव्हा अंधाराचा तंबू, काचा आणि रसायनांच्या बाटल्या वाहायला हमालांची फौज होती. ज्याला ते परवडत नव्हतं त्याने काय करावं? बाटल्या विलायतेहून येणार, चांदी महाग, कृती शिकवायला जवळ कोणी नाही. चुकलेली काच घेऊन दुसऱ्या चुकलेल्या माणसाकडे जाणं, हाच मार्ग.

म्हणून ऑक्टोबर १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. लंडनची अशीच संस्था तेव्हा जेमतेम पावणेदोन वर्षांची होती. मुंबईकर सभा भरवत, एकमेकांची चित्रं पाहत, कृतींवर चर्चा करत, आणि स्वतःचं नियतकालिकही काढत. सभासद बहुतेक गोरे, पण सगळे नाहीत. डॉ. भाऊ दाजी लाड त्यात होते. भायखळ्याच्या संग्रहालयाला ज्यांचं नाव आहे तेच. त्यांचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी हे तर चांगले फोटोग्राफर. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. त्यातून शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा धंदा थाटला, आणि धंदा म्हणून स्टुडिओ चालवणाऱ्या पहिल्या भारतीयांत त्यांची गणना होते. मला या वर्गाचं महत्त्व सोसायटीपेक्षाही जास्त वाटतं. सोसायटीत यायला ओळख आणि ऐपत लागे. वर्गात विद्यार्थी म्हणून नाव घातलं की सामान हाताला लागे.

आता कलकत्त्याला जाऊ. तिथली सोसायटी १८५६ ची. तिचे एक चिटणीस आणि खजिनदार होते राजेंद्रलाल मित्र. संस्कृतचे पंडित, पुरातत्त्वाचे अभ्यासक, एशियाटिक सोसायटीत मुरलेला माणूस. खजिनदार म्हणजे काय ते मला विचारा. वर्गणी मागून वाईटपणा घेणारा तो. गोऱ्या साहेबांच्या संस्थेची तिजोरी एका बंगाली माणसाकडे असणं ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

पुढच्याच वर्षी ठिणगी पडली, आणि तिचा फोटोग्राफीशी काडीचाही संबंध नव्हता. खेड्यापाड्यांतल्या युरोपियन माणसावर फौजदारी खटला भरायचा तर तो कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टातच चाले. नीळवाल्या साहेबाने मारहाण केली तर रयतेने शेकडो मैल चालत साक्षीपुराव्यानिशी कलकत्ता गाठायचं. ही सवलत काढून त्यांना कंपनीच्या स्थानिक न्यायालयांखाली आणायचा प्रस्ताव आला. साहेबलोकांनी त्याला ‘काळे कायदे’ म्हणत गदारोळ केला. प्रस्तावाच्या बाजूने ६ एप्रिल १८५७ रोजी टाउन हॉलमध्ये सभा झाली. तिथे राजेंद्रलालांनी भाषण केलं आणि निळीच्या मळेवाल्यांचे वाभाडे काढले. जिभेला लगाम घातला नाही, हे खरं. सोसायटीतले गोरे सभासद बिथरले. असल्या माणसाबरोबर आम्ही बसणार नाही, असा त्यांचा पवित्रा. अखेर राजेंद्रलालांना संस्थेतून काढलं गेलं.

त्यांना काढलं ते पैसे खाल्ले म्हणून नव्हे, काचा फोडल्या म्हणून नव्हे, अंधारखोलीतल्या कुठल्या आगळिकीसाठीही नव्हे. खोलीबाहेर जे बोलले त्यासाठी. त्या सभेच्या पुढच्याच महिन्यात मेरठला उठाव झाला आणि त्या गदारोळात हे प्रकरण मागे पडलं. राजेंद्रलाल मात्र मागे पडले नाहीत. ओरिसातल्या प्राचीन वास्तूंवर त्यांनी दोन मोठे खंड लिहिले आणि १८८५ मध्ये ते एशियाटिक सोसायटीचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले. त्यांना काढणाऱ्यांची नावं आज कुणाला ठाऊक आहेत?

पुढे रसायनाची सक्ती गेली. १८७१ मध्ये जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली गेली आणि दहाएक वर्षांत तयार काचा बाजारात मिळू लागल्या. काच आज वापरा, चार दिवसांनी धुवा. स्टुडिओ आता मालकाचा झाला, पेढीसारखा. आमच्या इंदूरचंच उदाहरण घ्या. लाला दीनदयाळ इथे बांधकाम खात्यात नकाशे काढत, इथेच त्यांना फोटोग्राफीचा नाद लागला. नंतर निजामाच्या आश्रयाने सिकंदराबाद आणि पुढे मुंबई इथे त्यांचे स्टुडिओ उभे राहिले. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादला खास बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईंकडे सोपवला. पडद्यातल्या स्त्रियांना परक्या पुरुषासमोर न बसता तसबीर काढून घेता यावी म्हणून. धंद्याची अक्कल तर होतीच, पण दार कोणासाठी उघडत नाही हे ओळखणारा मालक मला सोसायटीवाल्यांपेक्षा शहाणा वाटतो.

आणि आता चक्र पुन्हा वाटणीकडे आलंय. कॅमेरा प्रत्येकाकडे आहे. उंच छताची रिकामी जागा, चांगले दिवे आणि गाडी लावायची सोय मात्र एकट्याला परवडत नाही. लगनसराई सरली की वस्तूंचे फोटो, जाहिराती, मुलांचे वाढदिवस यांवर आमच्यातल्या बहुतेकांचं घर चालतं. तेव्हा ही खोली हातची गेली तर माणूस धंद्यातूनच उठतो.

हे सांगायचं कारण असं. आमच्या एका तरुण सभासदाने गेल्या महिन्यात जाहीरपणे लिहिलं की, शहरातल्या काही मंगल कार्यालयांचे चालक फोटोग्राफरकडून दलाली घेतात आणि न देणाऱ्याला आत येऊ देत नाहीत. भाषा कडक होती. आमच्यातल्या तिघांची निम्मी कामं त्याच कार्यालयांतून येतात. त्यांना फोन गेले. तिघांचं म्हणणं, याला काढा, नाहीतर आमचं काम जाईल. ते खोटं बोलत नाहीत. एकाच्या मुलीची कॉलेजची फी याच हंगामातून भरायची आहे, मला माहीत आहे.

मी हिशेब सांभाळतो म्हणून कागद माझ्याकडेच आला. मी त्यांना राजेंद्रलालांची हकिगत सांगितली. एक जण म्हणाला, “दादा, ते पंडित होते, आम्ही लग्नाचे फोटो काढतो.” यावर मला चटकन उत्तर सुचलं नाही. मग मी वही उघडली आणि सभासदाला कधी काढता येईल याचं एक कलम लिहून सगळ्यांना पाठवलं. तीन महिने वर्गणी थकवली तर, सामान मोडून भरपाई दिली नाही तर, किंवा खोलीत कोणाशी, विशेषतः इथे काम करणाऱ्या मुलींशी, गैरवर्तन केलं तर. एवढंच. ज्यांची कामं जातील त्यांची दोन महिन्यांची वर्गणी बाकीच्यांनी उचलायची, असंही खाली जोडलं.

रविवारी सकाळी बैठक आहे. आतापर्यंत पाच जणांनी होकार कळवलाय, सहावा हवा.