मोटारीचा रंग आणि मालकाचा हात

मोटारीचा इतिहास लिहिणारे बहुधा तिच्या यंत्रापासून आरंभ करतात. रंगाचा विचार झालाच तर तो शेवटी, आणि तोही शोभेची बाब म्हणून. वस्तुतः मोटार घेतली की सर्वांत आधी नजरेत भरतो तो रंग, आणि मोटार जुनी झाली की सर्वांत आधी साथ सोडतो तोही रंगच. यंत्र बिघडले तर जाणत्या कारागिराकडे जावे लागते. परंतु उडालेला रंग पाहून सामान्य ऐपतीच्या मालकाला वाटते, हे काम आपणच केले तर? या साध्या प्रश्नाला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. मोटार रंगवण्याचा अधिकार कोणाचा, कसबी कारागिराचा, कारखान्याचा की मालकाचा, असा हा वाद आहे. आणि त्याचा निकाल दर पिढीत रसायनशास्त्राने नव्याने लावला आहे.

पहिल्या मोटारी या घोडा सोडलेल्या बग्ग्याच होत्या. साहजिकच त्या रंगवण्याचे कामही बग्गी रंगवणाऱ्या कारागिरांकडे आले. या लोकांची विद्या गुरुमुखातून शिकण्याची असे. आधी लाकडावर सफेता आणि जवसाचे तेल यांचे अस्तर, मग खाचाखळग्यांत लांबी, मग घोटीव दगडाने पाणी घालून घासणे. त्यावर रंगाचे कित्येक हात, आणि अखेरीस पारदर्शक व्हार्निशचे हात. दोन हातांच्या मध्ये दिवसच्या दिवस थांबावे लागे. शेवटचा हात देताना धूळ उडू नये म्हणून खोलीची जमीन पाण्याने भिजवून ठेवीत. एक गाडी पुरी होण्यास कित्येक आठवडे लागत. तेल हवेतील प्राणवायू शोषून घेत सावकाश घट्ट होते, त्यामुळे हा विलंब अटळ होता. परंतु त्या सावकाशीतच एक सोय दडलेली होती. ओला रंग बराच वेळ ओला राहत असल्याने कुंचल्याच्या रेषा आपोआप सपाट होऊन जात.

१९०८ साली हेन्री फोर्डची ‘मॉडेल टी’ बाजारात आली, तेव्हा तिची किंमत ८५० डॉलर होती. १९१३ साली फोर्डच्या हायलंड पार्क येथील कारखान्यात सरकत्या जोडणीपट्ट्याची पद्धत सुरू झाली, आणि ज्या सांगाड्याच्या जोडणीस बारा तासांहून अधिक वेळ लागे, तो पुढल्या वर्षी सुमारे दीड तासात उभा राहू लागला. अशा वेगापुढे बग्गीवाल्या कारागिराचा कुंचला टिकणे शक्य नव्हते. मोटारीचे सुटे भाग रंगाच्या हौदात बुडवून किंवा त्यांवर रंगाचा ओघ सोडून भट्टीत भाजण्याची रीत आली. १९१४ ते १९२५ या काळात ही मोटार काळ्या रंगातच मिळे. काळा रंग सर्वांत लवकर वाळतो म्हणून तो निवडला, असे पुष्कळदा सांगितले जाते. परंतु तो स्वस्त होता, नैसर्गिक डांबराच्या मिश्रणामुळे चिवट होता, आणि एकच रंग ठेवल्याने कारखान्याचा व्याप कमी होत होता, हीच कारणे अधिक पटण्याजोगी आहेत. १९२५ पर्यंत या मोटारीचा सर्वांत स्वस्त नमुना २६० डॉलरना मिळू लागला. १९२७ साली तिचे उत्पादन थांबले, तोवर दीड कोटी गाड्या रस्त्यावर आल्या होत्या.

या दीड कोटी गाड्या जुन्या होऊ लागल्या, तेव्हाच हौशी रंगाऱ्याचा खरा जन्म झाला. हातोहात फिरून अल्प किमतीत आलेली मोटार रंगवण्यासाठी तिच्या किमतीइतके पैसे कारागिराला देणे कोणाही शहाण्या शेतकऱ्याला परवडणारे नव्हते. रंगाचे व्यापारी हे जाणून होते. मालकाने घरच्या घरी लावावा असा इनॅमलचा डबा त्यांनी बाजारात आणला, आणि एका सुटीच्या दिवसात मोटार नवी करण्याचे आश्वासन जाहिरातींतून दिले. जाहिरात सहसा सांगत नसे ती गोष्ट मालकाला अनुभवाने कळे. रंग लावण्यास एक दिवस पुरतो. पण रंग ज्यावर बसायचा तो पृष्ठभाग तयार करण्यास आठवडा लागतो. वंगणाचा पुसट डाग राहिला तर तेथे रंग धरत नाही. गंज खरवडून काढला नाही तर नव्या रंगाखालून तो पुन्हा डोके वर काढतो. एका जाड हाताऐवजी चार पातळ हात द्यावेत, ही बग्गीवाल्या कारागिराची शिकवण मालकाला ओघळलेल्या रंगाकडे पाहून नव्याने शिकावी लागली.

याच सुमारास रंगाच्या जगात एक क्रांती झाली, आणि तिने मालकाच्या हातातील कुंचला जवळजवळ हिरावून घेतला. कापसावर नायट्रिक व गंधक आम्लांची प्रक्रिया करून स्फोटक कापूस बनवण्याची युक्ती १८४६ साली स्विस-जर्मन रसायनशास्त्रज्ञ शोनबाइन याने जाहीर केली होती. पहिल्या महायुद्धात या पदार्थाचे प्रचंड कारखाने उभे राहिले; युद्ध संपताच त्यांना नवे काम हवे झाले. अमेरिकेतील ड्यू पाँ कंपनीने याच नायट्रोसेल्युलोजपासून ‘ड्युको’ नावाचे लॅकर तयार केले, आणि जनरल मोटर्सने १९२४ च्या नमुन्याच्या ओकलंड मोटारी त्याने निळ्या रंगवून बाजारात आणल्या. लॅकर तेलासारखे सावकाश घट्ट होत नाही. त्यातील द्रावक उडून जाताच मागे कोरडा पापुद्रा राहतो. आठवड्यांचे काम तासांवर आले. निळ्या, हिरव्या, तांबड्या मोटारी स्वस्तात देणे शक्य झाले, आणि काळ्या रंगाचे साम्राज्य संपले.

परंतु जो गुण कारखान्याला वरदान ठरला, तोच घरच्या कुंचल्याला शाप ठरला. लॅकर इतके चपळाईने वाळे की कुंचल्याचा दुसरा फटका पहिल्या फटक्याला भेटण्यापूर्वीच तो चिकट होऊन जाई. ते फवाऱ्यानेच मारावे लागे. या फवाऱ्याची कुळकथाही मनोरंजक आहे. ओहायोतील टोलेडो शहराचे डॉक्टर अ‍ॅलन डीव्हिल्बिस यांनी १८८८ च्या सुमारास घशात औषध फवारण्याचे उपकरण बनवले. त्यांचे पुत्र टॉमस यांनी १९०७ साली त्याच तत्त्वावर रंगाचा फवारा सिद्ध केला. रुग्णाच्या घशासाठी जन्मलेले यंत्र मोटारीच्या अंगावर रंग चढवू लागले. मात्र त्यासाठी हवा दाबणारे यंत्र हवे, बंदिस्त जागा हवी आणि सराव हवा. सामान्य मालकापाशी यांपैकी काहीच नव्हते.

तरीही याच क्रांतीच्या पोटातून मालकाच्या उपयोगाच्या दोन लहान वस्तू निघाल्या. मिनेसोटा राज्यातील थ्री-एम या कंपनीने १९२१ साली फ्रान्सिस ओकी यांच्या शोधावरून पाण्यात न विरघळणारा पॉलिश पेपर काढला. तोवर मोटारीचा जुना रंग कोरडा घासला जाई आणि त्यातील शिशाची विषारी धूळ कामगारांच्या फुप्फुसांत जाई. ओल्या कागदामुळे धूळ बसली आणि पृष्ठभागही अधिक गुळगुळीत होऊ लागला. हाच कागद चाचणीसाठी घेऊन त्या कंपनीचा रिचर्ड ड्रू नावाचा तरुण साहाय्यक सेंट पॉल शहरातील रंगशाळांत फिरत असे. त्या काळी दुरंगी मोटारींची हौस होती. एक रंग मारताना दुसरा झाकण्यासाठी कारागीर कागद चिकटवीत, आणि तो काढताना ताजा रंगही त्यासोबत सोलून निघे. कारागिरांची ही चिडचिड ड्रूने पाहिली आणि १९२५ साली हलक्या हाताने निघणारी कागदी चिकटपट्टी तयार केली. आज जगभर घराच्या खिडक्या रंगवताना जी पट्टी वापरतात, ती मुळात मोटारीसाठी जन्मलेली आहे. कसब्याच्या हाताची सरळ रेघ आता नवशिक्यालाही मारता येऊ लागली.

मालकाला तिसरे साहाय्य अल्किड रंगांनी केले. १९२० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत रॉय कीनल यांच्या संशोधनातून तयार झालेली ही कृत्रिम राळ तेलाशी संयोग पावून चकचकीत आणि चिवट इनॅमल देई. ते लॅकरइतके घाईने वाळत नसे. म्हणून फवाऱ्याप्रमाणे कुंचल्यानेही लावता येई. पुढे १९४९ साली इलिनॉय राज्यातील एडवर्ड सीमोर यांनी पत्नीच्या सूचनेवरून रंग आणि दाबलेला वायू एकाच डब्यात भरले, आणि बोटाने दाबण्याचा फवारा घरोघर पोहोचला. दुसरीकडे स्वस्त रंगकामाचा धंदाही उभा राहिला. लॉस एंजेलिस येथे १९३७ साली सुरू झालेला अर्ल शाइब यांचा व्यवसाय कोणतीही मोटार कोणत्याही रंगात २९ डॉलर ९५ सेंटांत रंगवून देण्याच्या जाहिरातीने अमेरिकाभर गाजला, आणि २०१० पर्यंत चालला. तथापि एवढ्या अल्प दरात घासण्या-पुसण्याचे कष्ट कितीसे व्हावेत? कष्ट वाचले की रंगाचे आयुष्यही त्याच मानाने कमी होते, हा हिशेब कोणत्याही जाहिरातीला चुकवता आलेला नाही.

भारतात या इतिहासाने वेगळे वळण घेतले. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत मोटारी जुळवण्याचा कारखाना काढला होता. तो १९५४ साली बंद झाला. त्यानंतर शेठ वालचंद हिराचंद यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या प्रीमियर कंपनीची कुर्ल्याला तयार होणारी फियाट, आणि बंगालमधील उत्तरपाडा येथे १९५७ पासून २०१४ पर्यंत तयार झालेली अँबॅसडर, याच प्रामुख्याने मध्यमवर्गाच्या मोटारी ठरल्या. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे; म्हणून मिळालेली मोटार दोन पिढ्या टिकवणे हा गृहस्थधर्मच होता. मात्र येथे हातकाम स्वस्त असल्याने मालकाने स्वतः कुंचला धरण्याची प्रथा फारशी रुजली नाही. ते काम रस्त्याकडेच्या रंगाऱ्याने केले. त्याच्या बोलण्यात ‘ड्युको’ हे एका कंपनीच्या मालाचे नाव न राहता फवाऱ्याने मारलेल्या प्रत्येक चकचकीत रंगाचे सामान्यनाम झाले; आज सुतारही कपाटाला ‘ड्युको’ करून देतो. येथील कायद्याची मर्यादाही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मोटारीचा रंग नोंदणीपत्रकात नमूद असतो, त्यामुळे तो बदलल्यास परिवहन कार्यालयात तशी नोंद करून घ्यावी लागते. आणि १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे लष्करी हिरवा रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत रसायनशास्त्राने पुन्हा एकदा मालकाला दाराबाहेर उभे केले. दोन घटक मिसळून वापरण्याचे पॉलियुरेथेन रंग आले. ते काचेसारखे चमकतात आणि उन्हापावसाला दाद देत नाहीत. परंतु त्यांच्या दुसऱ्या घटकात आयसोसायनेट नावाची द्रव्ये असतात. त्यांचा फवारा श्वासावाटे गेल्यास दम्याचा कायमचा विकार जडू शकतो. बाहेरून शुद्ध हवा पुरवणाऱ्या मुखवट्याशिवाय हे रंग फवारणे धोक्याचे आहे. घराच्या पडवीत करण्याचे हे काम नव्हेच.

मग ज्याची मोटार जुनी, खिसा हलका आणि हौस दांडगी, त्याने काय करावे? एकविसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील हौशी मालकांनी याचे उत्तर भूतकाळात शोधले. १९२१ साली रॉबर्ट फर्ग्युसन या दर्यावर्दी कप्तानाने ‘रस्ट-ओलियम’ हा गंजरोधक रंग बाजारात आणला होता. जहाजाच्या गंजलेल्या डेकवर सांडलेल्या माशाच्या तेलाने गंज थांबतो, हे त्याच्या नजरेस आले आणि त्यातून तो रंग जन्मला. लोखंडी कठड्यांना आणि यंत्रांना लावण्याचे त्याच नावाचे साधे इनॅमल या मालकांनी घेतले, भरपूर पातळ केले आणि फोमच्या छोट्या रोलरने मोटारीवर लावले. सहा-आठ अत्यंत पातळ हात, दर दोन हातांनंतर ओल्या पॉलिश पेपरने घासणे, आणि शेवटी झिलई, अशी ही कृती ‘पन्नास डॉलरचे रंगकाम’ म्हणून प्रसिद्ध झाली. फवारा नको, भट्टी नको. रंग सावकाश वाळतो म्हणूनच तो आपोआप सपाट होतो. शंभर वर्षांपूर्वी ज्या सावकाशीला कारखान्याने दोष मानून हद्दपार केले, तीच येथे नवशिक्याची मैत्रीण झाली.

या रंगाला कारखान्याची सर येत नाही, हे खरेच. शिवाय एका प्रकारच्या रंगावर दुसऱ्या प्रकारचा रंग चढवताना नवशिक्याने सावध असावे लागते. जुन्या इनॅमलवर लॅकर मारले तर लॅकरमधील तीव्र द्रावक खालच्या थराला सुरकुत्या पाडते. म्हणून मोटारीच्या एखाद्या कोपऱ्यात आधी प्रयोग करून पाहावा. फार जुन्या मोटारीच्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो, तेव्हा तो कधीही कोरडा घासू नये. ऊन, वारा आणि दमट हवा टाळावी, पण खोली बंद करून द्रावकाच्या वाफा कोंडूनही ठेवू नयेत. एवढे पथ्य पाळले तर हिशेब सोपा आहे. काम बिघडले तरी स्वस्त मोटारीचे मोठेसे नुकसान होत नाही. पुन्हा घासावे आणि पुन्हा लावावे. महागड्या मोटारीच्या मालकाला हे स्वातंत्र्य नसते.

या साऱ्या इतिहासात जवसाचे तेल गेले, डांबर गेले, स्फोटक कापसाचे लॅकर आले आणि मागे पडले, कुंचल्याची जागा फवाऱ्याने घेतली आणि काही घरांत ती पुन्हा रोलरने घेतली. शास्त्राने रंग वाळण्याचा काळ आठवड्यांवरून मिनिटांवर आणला. मात्र पृष्ठभाग स्वच्छ करणे, गंज काढणे, घासणे आणि थांबणे या चार कामांना फाटा देणारा रंग अद्याप निघालेला नाही. बग्गी रंगवणारा कारागीर ज्या धीराने घोटीव दगड फिरवीत असे, तोच धीर आज जुन्या मोटारीजवळ पाण्याची बादली घेऊन बसलेल्या नवशिक्यालाही लागतो. मोटार स्वस्त असेल, जुनी असेल. पण तिच्या अंगावर जो हात फिरतो त्याची सवड आणि निगा त्या रंगात उतरते, आणि पुढल्या पावसाळ्यात ती टिकतेही.