तत्त्वज्ञानाच्या मास्तरांची रुग्ण

१८८३ साली पिएर जाने नावाचा एक तरुण फ्रान्समधल्या ल आव्र या बंदराच्या गावी तत्त्वज्ञान शिकवायला आला. वैद्यकीची पदवी नव्हती, पण शाळेतून मोकळा झाला की स्वारी गावातल्या रुग्णालयात. तिथे त्याला एकोणीस वर्षांची मारी भेटली. पाळी आली की तिला हुडहुडी भरे, झटके येत, ती किंचाळत सुटे. शिवाय डाव्या डोळ्याने दिसत नव्हतं.

संमोहनात एकेक गोष्ट बाहेर आली. तेराव्या वर्षी पहिली पाळी आली तेव्हा शरमेने ती थांबवायला मारीने गार पाण्याच्या पिंपात उडी घेतली होती. त्याआधी, सहा वर्षांची असताना, चेहऱ्याच्या डाव्या बाजूला फोड असलेल्या मुलाशेजारी तिला जबरदस्तीने निजवलं होतं. जानेने तिला मनाने पुन्हा त्याच बिछान्यात नेलं, पण या खेपेला मूल गोंडस, निरोगी असल्याचं पटवलं. मारी त्याला कुरवाळू लागली आणि डोळ्याला दिसू लागलं. आठवणच बदलून टाकायची!

१८८९च्या प्रबंधात जानेने हे सारं मांडलं. पुढे पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातल्या कामातून त्याच्या उपचाराला एक क्रम आला: रुग्णाला आधी सावरू द्यायचं, मग आठवणीला हात घालायचा, शेवटी रोजच्या जगण्याची घडी बसवायची. पण जमाना फ्रॉइडचा आला आणि जाने अडगळीत गेला. १९४७ साली तो वारल्यावर त्याच्याच इच्छेनुसार हजारो रुग्णांच्या नोंदी जाळण्यात आल्या.

हा क्रम पुन्हा ठळकपणे मांडला तो अमेरिकेतल्या ज्युडिथ हर्मन यांनी. त्या मनोविकारतज्ज्ञ झाल्या त्या काळात, १९७५च्या एका नामांकित पाठ्यपुस्तकात घरातल्या लैंगिक अत्याचाराचं प्रमाण दहा लाखांत एक असं छापलेलं होतं. समोर बसलेल्या बायका वेगळंच सांगत होत्या. खरं प्रशिक्षण तिथे झालं, वर्गात नव्हे. १९९२ साली ‘ट्रॉमा अँड रिकव्हरी’मध्ये हर्मन यांनी वर्षानुवर्षांच्या छळातून येणाऱ्या गुंतागुंतीच्या आघाताला वेगळं नाव दिलं आणि उपचारांत पहिला मान सुरक्षिततेला दिला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या वर्गीकरणात हे निदान स्वतंत्रपणे आलं. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१३च्या पुस्तिकेत मात्र ते नाही. त्यामुळे हर्मन यांच्याच देशात याच दुखण्यावर उपचार होतात, आणि कागदावर बहुतेकदा दुसऱ्याच निदानाचं नाव पडतं.