पेढीपासून कारखान्यापर्यंत : पिंपरी-चिंचवडमधील उद्योग-मार्गदर्शनाची वाटचाल

सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी ट्रस्टच्या पन्नास वर्षांचे सिंहावलोकन करताना उभारलेल्या वास्तू, मिळालेल्या देणग्या आणि संपन्न झालेले महोत्सव यांची नोंद आपण आवर्जून करतो. तथापि ज्या उद्योगनगरीत आपला समाज स्थिरावला, तिच्या जडणघडणीतील एका दानाची नोंद सहसा कोठेच होत नाही. ते दान अनुभवाचे आहे. एका उद्योजकाने दुसऱ्याला धंदा शिकविला, पडत्या काळात सावरले, याची पावती कोणी फाडत नाही. प्रस्तुत लेखात या परंपरेचा अल्पसा मागोवा घ्यावयाचा आहे.

आपल्या पूर्वजांची पाठशाळा म्हणजे पेढी. राजस्थान वा गुजरातमधून आलेला कोवळ्या वयाचा मुलगा एखाद्या नातलगाच्या दुकानी राही. माल पारखणे, रोकड लिहिणे, खतावणी करणे, उधारी वसूल करणे हे सारे तो पाहून पाहून शिके. विश्वास बसला की त्याच शेठजींच्या उधारीच्या मालावर तो शेजारच्या गावी स्वतःचे दुकान थाटी. शिक्षण, भांडवल आणि पत या तिन्ही गोष्टी त्यास एकाच दारी लाभत. या पद्धतीला दोन मर्यादा मात्र होत्या. ते दार बहुधा नात्यागोत्यापुरतेच उघडे असे. आणि जे शेठजींना ठाऊक नसे, ते शिष्यालाही मिळत नसे.

यंत्रयुग अवतरले तेव्हा ही दुसरी मर्यादा विशेष जाणवू लागली. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. त्या दशकात टेल्को, बजाज ऑटो, बजाज टेम्पो अशा कंपन्यांनी या परिसराचा कायापालट केला. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या चार गावांची १९७० मध्ये नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महानगरपालिका.

या पर्वातील आपल्या समाजाचे अग्रणी म्हणजे नवलमल फिरोदिया. तत्कालीन अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, या वकिलाने स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतला आणि पुढे उद्योगाची वाट धरली. १९५८ मध्ये बजाज टेम्पो स्थापन झाली ती जर्मनीतील विडाल अँड सोन या कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने. ‘टेम्पो’ हा शब्द मराठी माणसाच्या तोंडी रुळला तो येथूनच. २००५ मध्ये ही कंपनी ‘फोर्स मोटर्स’ झाली. जे ज्ञान आपल्या घरी नाही, ते जेथे असेल तेथून विनयपूर्वक घ्यावे, हा धडा या इतिहासात आहे.

टेल्कोनेही सुमंत मुळगावकर यांच्या दूरदृष्टीने तो गिरविला. पुण्याच्या कारखान्यातून पहिले व्यापारी वाहन १९७७ मध्ये बाहेर पडले. परंतु शिकाऊ कामगारांचे प्रशिक्षण त्याच्या कितीतरी आधी सुरू झाले होते. मोठ्या कारखान्यांत हात बसलेल्या अनेक कारागिरांनी पुढे भोसरी-चिंचवडमध्ये एक-दोन लेथवर स्वतःचे वर्कशॉप काढले. त्यांना मायक्रोमीटरची भाषा येत होती, खतावणीची येत नव्हती. आपल्या व्यापारी बांधवांची स्थिती नेमकी उलट होती. दोघांनाही गुरूची गरज होती.

ही गरज संस्थांनी ओळखली. अ. रा. भट यांच्या पुढाकाराने १९३४ मध्ये स्थापन झालेल्या मराठा चेंबरने लघुउद्योजकांचा प्रश्न सातत्याने हाती घेतला. विशेष उल्लेखनीय प्रयोग १९९९ चा होय. संयुक्त राष्ट्रांची औद्योगिक विकास संघटना, फियाट, वाहनांचे सुटे भाग बनविणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना ‘ॲक्मा’ आणि पुण्याची ‘एआरएआय’ यांनी सहकार्य करून महाराष्ट्रातील वीस लघु-मध्यम कारखाने निवडले. व्याख्यानांवर न थांबता मार्गदर्शक थेट कारखान्यात जात. हत्यारे ठरल्या जागी ठेवणे, साचा बदलण्याचा वेळ कमी करणे, दोष ज्या यंत्रापाशी उत्पन्न होतो तेथेच शोधणे आणि सुधारणा सुचविण्यात कामगाराला सहभागी करून घेणे, अशी ती शिकवण होती. दिसण्यास साधी, परंतु मालकाच्या अहंकाराची परीक्षा पाहणारी.

नवोदितांसाठी १९९२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय युवा शक्ती ट्रस्टने पुणे परिसरातही कार्य केले. नुसते कर्ज मिळवून देऊन न थांबता प्रत्येक तरुण उद्योजकाला एक अनुभवी मार्गदर्शक स्वेच्छेने साथ देतो, ही त्याची रीत. पेढीवरच्या शेठजींचेच हे रूप. फरक इतकाच की येथे नात्याची अट नाही.

आज या परंपरेची पुन्हा कसोटी आहे. १९९९ मध्ये बजाजचा आणि २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला आणि कांद्याच्या बाजारपेठेचे चाकण वाहननगरी झाले. आता विजेवरील वाहने येत आहेत. ज्या आकुर्डीत एकेकाळी पेट्रोलवरील चेतक स्कूटर तयार होई, तेथेच २०२२ मध्ये विजेवरील चेतकचा कारखाना सुरू झाला. विजेच्या वाहनाला पिस्टन लागत नाही, सायलेन्सर लागत नाही. असे भाग बनविणाऱ्या लहान कारखानदाराने नवे यंत्र घ्यावे की नवा ग्राहक शोधावा, कर्ज किती काढावे, हे प्रश्न तो रात्री एकटाच सोडवीत बसतो. घरच्यांना सांगता येत नाही आणि बँकेला सांगण्याचे धैर्य होत नाही.

आपल्या धर्माने आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने सांगितली. भोजनशाळा आणि रुग्णसेवा यांत समाज कधी मागे राहिला नाही. परंतु अडचणीतील उद्योजकाजवळ बसून त्याची वही वाचणे, त्याचे गुपित राखणे, निर्णय त्याच्यावरच सोपविणे आणि तो सावरला की उपकाराची आठवणही न देता बाजूला होणे, यात ज्ञानदान आहे आणि अभयदानही. समाजातील निवृत्त उद्योजक, सनदी लेखापाल आणि अभियंते यांनी महिन्यातील एक दिवस जरी ट्रस्टच्या कार्यालयात यासाठी दिला, आणि ते दार सर्व समाजांतील होतकरूंसाठी खुले ठेवले, तर शताब्दीच्या स्मरणिकेत वास्तूंच्या यादीसोबत सावरलेल्या कारखान्यांचीही नोंद करता येईल.

जय जिनेंद्र!