रत्नागिरी-सिंधुदुर्ग: मतदारसंघ कोकणात, गणित उपनगरात

मुंबई, खास प्रतिनिधी

लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर घाटकोपर, मुलुंड, अंधेरी वा बोरिवलीतील ग्रामस्थ मंडळांच्या बैठका भरू लागल्या की त्यात दोन मतदारसंघांची चर्चा होते. एक राहत्या घराचा आणि दुसरा गावचा. गावचा मतदारसंघ म्हणजे बहुतेक वेळा रत्नागिरी-सिंधुदुर्ग. चिपळूणपासून गोव्याच्या सीमेपर्यंत पसरलेल्या या किनारी, ग्रामीण मतदारसंघाचे आणि मुंबई उपनगरांचे नाते राज्यातील अन्य कोणत्याही मतदारसंघात सहसा आढळणार नाही.

रचना

२००८ च्या पुनर्रचनेपूर्वी सिंधुदुर्ग व दक्षिण रत्नागिरीचा बराचसा भाग राजापूर लोकसभा मतदारसंघात मोडत असे. २००९ पासून रत्नागिरी-सिंधुदुर्ग हे नाव रूढ झाले. चिपळूण, रत्नागिरी, राजापूर हे रत्नागिरी जिल्ह्यातील, तर कणकवली, कुडाळ, सावंतवाडी हे सिंधुदुर्गातील असे सहा विधानसभा मतदारसंघ त्यात येतात. दापोली व गुहागर रायगड लोकसभा मतदारसंघाला जोडले गेले. २०२४ मध्ये येथे सुमारे साडेचौदा लाख मतदार होते.

२००१ ते २०११ या दशकात राज्याची लोकसंख्या वाढत असताना या दोन्ही जिल्ह्यांची मात्र घटली. रत्नागिरीची १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली, तर सिंधुदुर्गाची ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. कर्ते पुरुष पोटापाण्यासाठी मुंबईत आणि घर-शेती सांभाळणाऱ्या स्त्रिया गावी, असे हे चित्र आहे.

समाजवाद्यांचा गड

१९५७ ते २००४ या काळातील तेरा निवडणुकांत राजापूरने केवळ चार जणांना लोकसभेत पाठविले. बॅ. नाथ पै १९५७, १९६२ आणि १९६७ असे तीनदा विजयी झाले. जानेवारी १९७१ मध्ये त्यांचे अकाली निधन झाल्यावर प्रा. मधु दंडवते यांनी १९७१ पासून सलग पाच वेळा विजय मिळविला. इंदिरा गांधी यांच्या हत्येनंतरच्या १९८४ च्या काँग्रेस लाटेतही राजापूर त्यांच्या मागे उभे राहिले. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविणारे दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री आणि १९८९ मध्ये अर्थमंत्री झाले. कोकण रेल्वेचा त्यांनी सातत्याने पाठपुरावा केला. १९९८ मध्ये ती रेल्वे पूर्णपणे सुरू झाली.

१९९१ मध्ये काँग्रेसचे सुधीर सावंत यांनी दंडवते यांचा पराभव केला. या तेरा निवडणुकांतील काँग्रेसचा हा एकमेव विजय. १९९६ पासून शिवसेनेचे सुरेश प्रभू सलग चारदा निवडून आले. वाजपेयी मंत्रिमंडळात ते ऊर्जामंत्री होते.

राणे विरुद्ध शिवसेना

नारायण राणे यांनी २००५ मध्ये शिवसेना सोडल्यानंतर येथील लढतीचे स्वरूप बदलले. २००९ मध्ये त्यांचे पुत्र नीलेश राणे यांनी काँग्रेसतर्फे प्रभू यांना ४६,७५० मतांनी हरविले. २०१४ मध्ये शिवसेनेचे विनायक राऊत यांनी नीलेश राणे यांच्यावर १,५०,०५१ मतांनी मात केली. २०१९ मध्ये नीलेश महाराष्ट्र स्वाभिमान पक्षातर्फे उभे राहिले, तेव्हा हे अंतर १,७८,३२२ वर गेले.

२०२४ मध्ये स्वतः नारायण राणे भाजपतर्फे रिंगणात उतरले. शिवसेनेच्या शिंदे गटातून किरण सामंत यांनीही या जागेसाठी आग्रह धरला होता, परंतु अखेर ती भाजपला सुटली. राऊत उद्धव ठाकरे यांच्या पक्षाकडून मशाल चिन्हावर लढले. धनुष्यबाण मतपत्रिकेवर नव्हते. राणे यांना ४,४८,५१४, तर राऊत यांना ४,००,६५६ मते पडली. ४७,८५८ मतांनी कोकणच्या या टापूत प्रथमच कमळ फुलले. सिंधुदुर्गातील तिन्ही विधानसभा क्षेत्रांनी राणे यांना आघाडी दिली, तर रत्नागिरीतील तिन्ही क्षेत्रे राऊत यांच्या बाजूने राहिली. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत मात्र सहाही जागा महायुतीकडे गेल्या.

दोन्ही उमेदवारांची राजकीय जडणघडण उपनगरांतलीच. राणे चेंबूरचे नगरसेवक होते, तर राऊत १९९९ मध्ये विलेपार्ल्यातून आमदार झाले होते.

प्रश्न तेच

९,९०० मेगावॉटचा नियोजित जैतापूर अणुप्रकल्प, मार्च २०१९ मध्ये नाणारमधून मागे घेतलेला आणि पुढे बारसूकडे वळलेला तेलशुद्धीकरण प्रकल्प, हे दोन्ही राजापूर तालुक्यातले. एप्रिल २०२३ मध्ये बारसूत माती परीक्षणाला ग्रामस्थांनी विरोध केला. राणे प्रकल्पाचे समर्थक, तर राऊत विरोधक. रोजगार गावात आला तर मुलगा मुंबईला जाणार नाही, असे एका बाजूचे म्हणणे. आंबा आणि मासळी गेली तर गावात उरेल काय, असा दुसऱ्या बाजूचा सवाल. २०११ मध्ये सुरू झालेले मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०२४ च्या मतदानापर्यंतही पूर्ण झाले नव्हते. गणपतीला गावी जाणाऱ्या प्रत्येक चाकरमान्याला तो प्रश्न ठाऊक आहे.

नाव कुठे?

कोकण व मुंबईचे मतदान गेल्या तीनही लोकसभा निवडणुकांत वेगवेगळ्या दिवशी झाले. २०२४ मध्ये कोकणात ७ मे रोजी, तर मुंबईत २० मे रोजी मतदान झाले. त्यामुळे दोन्हीकडे नाव ठेवण्याचा मोह होतो. कायद्याला ते मान्य नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार एका व्यक्तीचे नाव एकाच मतदारसंघात, एकदाच नोंदविता येते. गावी वडिलोपार्जित घर आहे, एवढ्याच कारणाने कोणी तेथील सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. नोंदणीसाठी खोटे निवेदन केल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. राहण्याचे ठिकाण बदलल्यास नमुना क्रमांक ८ भरून नाव हलविता येते.

याउलट ज्यांची नोंद रीतसर गावी आहे, त्यांना मुंबईत नोकरी करीत असतानाही गावच्या मतदानाच्या दिवशी पगारी सुटी मिळण्याचा हक्क आहे. अनेकांना त्याची कल्पना नसते. मतदान करायचे कुठे, हे निवडणूक जाहीर होण्याआधीच ठरवलेले बरे. गावच्या रस्त्याचा प्रश्न जिव्हाळ्याचा असला, तरी दररोजचे पाणी आणि लोकल मात्र मुलुंड-बोरिवलीचीच असते.